लेबल ४५० वॅटचं, ताकद १९२ ची

"कार्ड राहू दे की बाजूला. एसएमपीएसवरचं लेबल वाचून आलासा काय?"

बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानदाराचा हा प्रश्न. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारी पेटी. तोवर शेजारच्या गिऱ्हाइकाला कानडीत "बर्री, बर्री" (या, या) चाललं होतं. मी मात्र जीटीएक्स १६६० सुपर हेच ग्राफिक्स कार्ड हवं म्हणून ऐटीत उभा.

घरी येऊन कॉम्प्युटरचा डबा उघडला. एसएमपीएसवर धुळीखाली मोठ्या अक्षरात ४५० वॅट. खाली बारीक अक्षरात : १२ व्होल्ट, १६ अँपियर. गुणाकार केला, १९२ वॅट! कार्ड आणि प्रोसेसर, दोघंही मुख्यतः या १२ व्होल्टवरच जगतात. माझा चौथ्या पिढीचा आय-५ ८४ वॅटचा, सुपर १२५ चं. बेरीज २०९, १९२ च्या वर.

म्हणजे साधं जीटीएक्स १६५० बरं. ७५ वॅट, तेवढे मदरबोर्डचा स्लॉटच देतो. बऱ्याच मॉडेलना वेगळी वायर लागत नाही. आरएक्स ६४०० त्याहून कमी खातं, पण त्याला चारच लेन, म्हणजे डेटा जायच्या वाटा. माझ्या जुन्या बोर्डावर त्या वाटा सावकाश, म्हणून ते अडखळणार.

दहा वर्षं तो डबा पायाशी आहे. मी फक्त मोठी अक्षरं वाचली होती. मुलगा मात्र अजून 'सुपर'वरच अडून आहे. त्याला हा गुणाकार कोण समजावणार?