लाल ग्याराडोस, त्याची लेक आणि दोन बाइट

पोकेमॉन गोल्ड किंवा सिल्व्हर या गेम बॉय गेमचं कार्ट्रिज दुरुस्तीला आलं की तक्रार बहुतेक ठरलेली असते: सेव्ह राहत नाही. कारणही ठरलेलं, बॅटरी संपलेली. हे सिल्व्हर मात्र वेगळंच दुखणं घेऊन आलं. सेव्ह शाबूत होता, अडलं होतं डे-केअरमध्ये, म्हणजे जोडी ठेवली की अंडं मिळतं त्या जागी. लेक ऑफ रेज या तळ्यातला दुर्मीळ लाल ग्याराडोस, बहुतेक कोणाशीही जोडी जमणाऱ्या डिटोसोबत ठेवून ते आणणाऱ्या मुलाने मॅजिकार्पने (ग्याराडोसचं लहान रूप) बॉक्स भरून टाकला होता, आणि त्यात दुर्मीळ सोनेरी एकही नव्हता. मग त्याने दुसरा मार्ग धरला. साध्या मॅजिकार्प मादीपासून झालेली ग्याराडोसची लेक बापासोबतच डे-केअरमध्ये सोडली. तेव्हापासून अंडं नावालाही नाही.

"दादा, घड्याळ बंद पडलं असेल का? की कार्ट्रिजच डुप्लिकेट आहे?"

घड्याळाचा अंड्याशी संबंध नाही. दिवस-रात्र, वार, झाडावरच्या बेरी हे सगळं घड्याळावर चालतं. अंडं मात्र पावलांवर येतं, काही पावलांनी गेम एकदा फासा टाकतो. डुप्लिकेटची शंका कार्ट्रिज उघडताच मिटली. ३.८ मिमीच्या खास बिटने स्क्रू काढला तर आत मेमरी सांभाळणारी एमबीसी३ चिप, शेजारी घड्याळाचा क्रिस्टल आणि पत्र्याच्या टॅबसह वेल्ड केलेली सीआर२०२५ बॅटरी, सगळं जागच्या जागी. नकली कार्ट्रिजमध्ये पुष्कळदा क्रिस्टलच नसतो.

मला खटकला तो त्याने सांगितलेला संदेश. डे-केअरच्या बाहेर उभ्या असलेल्या पोकेमॉनशी बोललं की जोडीचं कसं जमतंय ते कळतं. इथे दर वेळी "इट्स ब्रिमिंग विथ एनर्जी" असं येत होतं. वाचणाऱ्याला वाटतं, उत्साहाने नुसता सळसळतोय, आता अंडं आलंच. खरं तर पाच संदेशांपैकी याचा अर्थ सगळ्यात वाईट. "नो इंटरेस्ट" येतं ते दोघांचा अंडी-गट जुळत नाही किंवा दोघं एकाच लिंगाचे असतात तेव्हा. "ब्रिमिंग विथ एनर्जी" म्हणजे गेमच्या हिशेबात हे दोघं एकमेकांचे नातलग आहेत, अंडं कधीच मिळणार नाही. गेम बनवणाऱ्यांनी हा संदेश असा का लिहिला, देव जाणे.

पण या गेममध्ये वंशावळ कुठेच साठवलेली नाही. आई कोण, बाप कोण याची नोंदच नसते. मग नातं ओळखतो कसं? ते पाहायला सेव्ह फाइल उघडावी लागते.

आधी गेममध्येच दोघांनाही डे-केअरमधून काढून पार्टीत, म्हणजे सोबतच्या सहा जणांत घेतलं आणि सेव्ह केलं, कारण पार्टीतली नोंद शोधायला सोपी. मग कार्ट्रिजच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, कार्ट्रिज वाचणाऱ्या रीडरमध्ये लावून सेव्हची रॅम दोनदा वाचली आणि दोन्ही फाइली ताडून पाहिल्या. फाइल ३२,७६८ बाइटची हवी (काही रीडर शेवटी घड्याळाचे थोडे बाइट जोडतात, ते चालतं). दोन्ही फाइलींत फरक निघाला किंवा सगळीकडे एफएफ दिसलं तर पट्ट्या नीट टेकलेल्या नसतात. अशा वेळी घाईने बॅटरी काढली तर सेव्ह कायमचा गेला समजा.

इंग्रजी गोल्ड-सिल्व्हरमध्ये पार्टी हेक्स (सोळाच्या पायाचे आकडे, ए ते एफ म्हणजे १० ते १५) २८८ए या पत्त्यावर सुरू होते. पहिला बाइट म्हणजे संख्या, मग सहा जणांचे जातिक्रमांक, मग एफएफ, आणि २८९२ पासून प्रत्येकी ४८ बाइटची एकेक नोंद. या नोंदीत जात, हातातली वस्तू, चार चाली, मालकाचा आयडी, अनुभव वगैरे ओळीने येतं. आपल्याला हवे असलेले दोन बाइट सुरुवातीपासून २१ आणि २२ घरं पुढे असतात. पहिल्या पोकेमॉनसाठी पत्ता २८ए७, दुसऱ्यासाठी २८डी७.

त्या दोन बाइटमध्ये चार हेक्स अंक असतात: अटॅक, डिफेन्स, स्पीड, स्पेशल. प्रत्येक ० ते १५. खेळणारे या जन्मजात गुणांना डीव्ही म्हणतात. एचपीचा (जीवशक्तीचा) पाचवा डीव्ही कुठे साठवतच नाहीत. चारही अंकांचा शेवटचा बिट घेऊन तो बनवतात: अटॅकचा बिट गुणिले ८, डिफेन्सचा गुणिले ४, स्पीडचा गुणिले २ आणि स्पेशलचा जसाच्या तसा.

ग्याराडोसच्या जागी ईए एए होतं, म्हणजे १४, १०, १०, १०. हे प्रत्येक कार्ट्रिजमध्ये असंच सापडतं, कारण लेक ऑफ रेजमधल्या त्या लढाईत गेम हे अंक स्वतःच भरतो. चारही सम, म्हणून एचपीचा डीव्ही शून्य. दिसायला दांडगा असलेला हा प्राणी एचपीच्या बाबतीत आपल्या जातीत सगळ्यात दुबळा. अटॅक ८ किंवा जास्त म्हणजे नर, तेव्हा दुसऱ्या पिढीत, म्हणजे गोल्ड-सिल्व्हरच्या काळातल्या गेममध्ये, हा लाल ग्याराडोस कायम नरच निघतो.

लेकीच्या जागी ५ए सी२: अटॅक ५, डिफेन्स १०, स्पीड १२, स्पेशल २.

इथे उलगडा झाला. गेम नातं तपासतो ते असं: दोघांचा डिफेन्स सारखा आहे का, आणि स्पेशलचे खालचे तीन बिट सारखे आहेत का? दोन्ही जुळलं तर नातलग. बाप आणि लेक दोघांचा डिफेन्स १०. बापाचा स्पेशल १० म्हणजे १०१०, लेकीचा २ म्हणजे ००१०. खालचे तीन बिट दोन्हीकडे ०१०. जुळलं, विषय संपला.

हे योगायोगाने जुळत नाही. अंडं बनताना चारही डीव्ही आधी यादृच्छिक पडतात. त्यातल्या अटॅकवरून पिल्लाचं लिंग ठरतं. मग विरुद्ध लिंगाच्या पालकाचा डिफेन्स पूर्ण आणि स्पेशलचे खालचे तीन बिट पिल्लात उतरवले जातात. स्पेशलचा वरचा बिट तेवढा नशिबावर राहतो, म्हणून पिल्लाचा स्पेशल पालकाइतकाच किंवा ८ ने वेगळा येतो. लेक बापाकडून घेते, लेक-बाप अडले. मुलगा आईकडून घेतो, मायलेक अडले. सख्खे भाऊ-बहीण मात्र सहसा सुटतात, कारण एकाचे अंक आईचे आणि दुसऱ्याचे बापाचे! वंशावळ न साठवता नातं ओळखण्याची युक्ती नामी आहे, पण भोक केवढं राहिलंय बघा. उलट, ज्यांचा काडीचा संबंध नाही असे दोघंही दर १२८ जोड्यांमागे एकदा या नियमात विनाकारण अडकतात.

राहिलं डिटोचं कोडं. जोडीत डिटो असला की पिल्लाचं लिंग कोणतंही असो, डिफेन्स आणि स्पेशल डिटोचेच उतरतात. मुलाच्या डिटोचे बाइट होते ७३ ९डी. बॉक्स उघडला तर त्या जोडीच्या एकूण एक मॅजिकार्पच्या नोंदीत पहिल्या बाइटचा दुसरा अंक ३, आणि शेवटचा अंक ५ किंवा डी.

आता शायनीची, म्हणजे दुर्मीळ रंगाच्या पोकेमॉनची (मॅजिकार्पमध्ये सोनेरी), अट बघा: डिफेन्स, स्पीड, स्पेशल तिन्ही बरोबर १०, आणि अटॅक २, ३, ६, ७, १०, ११, १४, १५ यांपैकी एक. रानात ही शक्यता ८,१९२ मध्ये १. पण ज्या डिटोचा डिफेन्स ३ आहे त्याच्या पिल्लाचा डिफेन्स १० होणारच नाही. शक्यता कमी झाली असं नव्हे, शून्य झाली. लाल ग्याराडोसचा लाल रंग त्या जोडीत पिल्लांपर्यंत पोचतच नव्हता. डिटो स्वतः शायनी असता तर चित्र उलटं असतं.

साध्या मॅजिकार्प मादीसोबत हिशेब असा बसतो. लेकींना बापाकडून डिफेन्स १० नक्की मिळतो. स्पेशल १० यायची शक्यता निम्मी, स्पीड १० यायची १६ मध्ये १, आणि मादीच्या ० ते ७ या अटॅकपैकी २, ३, ६, ७ चालतात म्हणजे पुन्हा निम्मी. गुणाकार ६४ मध्ये १. मुलगे आईवर जातात, त्यांच्यात सोनेरीची आशा धरू नये. तेव्हा सगळ्या अंड्यांत मिळून १२८ मध्ये १.

बहुतेक जण चुकतात ते याच्या पुढे. सोनेरी न निघालेली लेक ते सोडून देतात. ही ५ए सी२ वाली लेक रंगाने साधी असली तरी डिफेन्स १० आणि स्पेशलचे ०१० हे बिट तिच्याकडे आहेतच. पिल्लांना फक्त तेवढंच जातं. म्हणून परक्या नरासोबत तिच्या मुलग्यांना सोनेरी होण्याची शक्यता तिच्या बापाच्या लेकींइतकीच, ६४ मध्ये १. ती बाद माल नाही, वाहक आहे.

अशा जोडीकडून अंडी मुळात कमी का येतात, याचंही कारण आकड्यातच आहे. एकाच जातीची जोडी असेल तर २५४ गुण, वेगळी जात पण एकच अंडी-गट असेल तर १२८. दोघांचा मूळ मालक एकच असेल तर त्यातून ७७ वजा. ग्याराडोस आणि मॅजिकार्प या गेमच्या लेखी दोन वेगळ्या जाती. त्यात मालक एकच, म्हणजे १२८ वजा ७७, हातात ५१. एवढ्या गुणांना दर तपासणीत अंड्याची शक्यता सुमारे ४ टक्के. मादीला लेव्हल २० ला नेऊन ग्याराडोस केलं की जात एक होते, गुण १७७ आणि शक्यता सुमारे १६ टक्के. अंड्यातून तरी मॅजिकार्पच निघतो. मित्राच्या कार्ट्रिजवरून आणलेली मादी ग्याराडोस असेल तर २५४ गुण पूर्ण आणि शक्यता ३१ टक्क्यांच्या आसपास.

एवढी कामं दोनच बाइटवर का लादली? माझा अंदाज असा की जागाच नव्हती. जपानमध्ये १९९६ मध्ये आलेल्या रेड-ग्रीनमधले पोकेमॉन टाइम कॅप्सूल या देवाणघेवाणीच्या सोयीतून गोल्ड-सिल्व्हरमध्ये आणता आणि परत नेता यायला हवे होते. त्या जुन्या नोंदीत ना लिंग होतं, ना रंग, ना हातातली वस्तू. वस्तूसाठी त्यांनी जुना कॅच रेटचा (पकडायला किती सोपा, त्याचा) बाइट वापरला. म्हणून रेडमधला स्नोरलॅक्स पलीकडे येताना हातात लेफ्टओव्हर्स ही वस्तू घेऊन येतो: त्याचा कॅच रेट २५, आणि गेममध्ये २५ चं लेफ्टओव्हर्स करणारा तक्ताच आहे. लिंग, रंग, अक्षरांच्या आकाराच्या अनओनचं अक्षर, हिडन पॉवर या चालीची जात आणि जोर या सगळ्यांची सोय डीव्हीमध्ये केली.

त्याचे परिणाम मजेशीर आहेत. ज्या जातीत आठात एकच मादी असते, तिथे मादीचा अटॅक ० किंवा १ असावा लागतो आणि शायनीला किमान २ लागतो. म्हणून या पिढीत शायनी मादी ईवी नाही, शायनी मादी चिकोरिटाही नाही. अनओनचं अक्षर चारही डीव्हींचे मधले दोन-दोन बिट ओळीत मांडून आलेल्या आकड्याला १० ने भागून ठरतं. शायनीची अट त्यात घातली की आकडा ८५ किंवा २१३ एवढेच येतात, म्हणून शायनी अनओन फक्त आय आणि व्ही. झेडच्या वाट्याला २५० ते २५५ हे सहाच आकडे, म्हणून तो इतरांपेक्षा दुर्मीळ. आणि हिडन पॉवर शिकवणारा टीएम१० लेक ऑफ रेजच्याच एका घरात मिळतो. तो या लाल ग्याराडोसला शिकवला तर जात ग्रास, जोर ६९. कमाल ७० असतो, म्हणजे जोर भरपूर.

मुलाने साहजिकच विचारलं, "मग दादा, हे दोन बाइटच बदलून दिले तर?" बदलता येतात, पण मूळ भाग बदलला की तपासणीसाठीची १६ बिटची बेरीज पुन्हा काढून लिहावी लागते. ती चुकली तर गेम राखीव प्रत उचलतो आणि बदल वाया जातो. शिवाय पार्टीतल्या नोंदीत तयार आकडेही वेगळे साठवलेले असतात, ते लगेच बदलत नाहीत, बॉक्समध्ये ठेवून परत काढलं की नव्याने मोजले जातात. त्याला तसं नकोच होतं, अंड्यातूनच काढायचा होता.

बॅटरी तरीही बदलली, मूळची होती आणि फार दिवस काढणार नव्हती. जुन्या टॅबचं सोल्डर विरघळवून ती काढली, टॅबवाली नवी सीआर२०२५ धन-ऋण पाहून बसवली आणि वाचून ठेवलेली फाइल जशीच्या तशी परत लिहिली. सुरू करताच गेमने वेळ पुन्हा लावायला सांगितली, ती लावली. पार्टी उघडून आकडे पाहिले. ग्याराडोस बॉक्समध्ये ठेवला, आणि लेकीला लेव्हल २० ला नेऊन मित्राच्या कार्ट्रिजवरचा नर ग्याराडोस जोडीला आणायला सांगितलं. संदेश "अपिअर्स टू केअर फॉर" असा, म्हणजे सगळ्यात चांगला, यायला हवा. "ब्रिमिंग विथ एनर्जी" आलं तर तो नर लगेच बदलायचा.