इंडियानापोलिसची जलद बस कोणत्या रस्त्यावरून धावावी?

इंडियाना राज्याची राजधानी असलेले इंडियानापोलिस हे मोटारीच्या सोयीने वाढलेले शहर आहे. माझ्या ओळखीची बहुतेक मराठी कुटुंबे, त्यांतली काही पुण्यातल्या कमिन्समधून इकडे आलेली, शहराच्या उत्तरेला कार्मेल आणि फिशर्स या उपनगरांत राहतात आणि घरटी दोन मोटारी बाळगतात. त्यामुळे जलद बसचा, म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणाऱ्या बसचा, विषय निघाला की आमच्या गप्पांत तो लवकर संपतो. मला मात्र गेल्या दहा वर्षांत या शहरात झालेला हा सर्वांत महत्त्वाचा सार्वजनिक वाद वाटतो, कारण रस्ता कोणासाठी आहे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हाच प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा समोर आला.

या वादाची मुळे राज्याच्या 2014 च्या कायद्यात आहेत. सार्वजनिक वाहतुकीसाठी जादा प्राप्तिकर लावावा का, हे मतदारांना विचारण्याची मुभा त्या कायद्याने ठरावीक काउंटींना (आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांना) दिली; मात्र त्या पैशातून ट्रामसारखी हलकी रेल्वे बांधण्यास मनाई केली. म्हणजे मोठ्या क्षमतेचे काही करायचे तर ते बसनेच करणे भाग होते. इंडियानापोलिस ज्या मॅरियन काउंटीत आहे तिथल्या मतदारांनी नोव्हेंबर 2016 मध्ये होकार दिला, आणि पुढच्या वर्षी शहर-काउंटी परिषदेने 0.25 टक्के, म्हणजे 100 डॉलर उत्पन्नामागे 25 सेंट, इतका कर मंजूर केला. कर भरण्यास लोक स्वतःहून तयार झाले, ही अमेरिकेच्या या भागात लहान गोष्ट नव्हे.

पैशाची सोय झाली, तरी मार्ग कोणते हा वाद राहिला. इंडिगो या इथल्या परिवहन संस्थेने धोरण असे ठेवले की जिथे प्रवासी आधीपासून आहेत तिथेच जलद सेवा द्यायची. सप्टेंबर 2019 मध्ये सुरू झालेली रेड लाइन ब्रॉड रिपलपासून शहराच्या मध्यातून दक्षिणेकडे इंडियानापोलिस विद्यापीठापर्यंत सुमारे 21 किलोमीटर धावते. कॉलेज अव्हेन्यूवरच्या रहिवाशांनी आणि दुकानदारांनी तिला कडवा विरोध केला. रस्त्याच्या मधोमध बसची मार्गिका आली की डावीकडे वळण्याच्या जागा कमी होतात आणि गिऱ्हाइकांना वळसा घालून यावे लागते, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. विजेवरच्या बसगाड्यांच्या बॅटऱ्या इथल्या थंडीत अपेक्षेइतक्या टिकेनात, हीदेखील अडचण आली. ऑक्टोबर 2024 मध्ये पर्पल लाइन सुरू झाली आणि तिने 38व्या रस्त्यावरच्या जुन्या 39 क्रमांकाच्या बसची जागा घेतली. त्या मार्गावर अनेक ठिकाणी पदपथच नव्हते. लोक गवतात, हिवाळ्यात बर्फात, उभे राहून बसची वाट पाहत. जलद बसच्या कामातून तिथे पदपथ झाले, आणि माझ्या मते वेगापेक्षाही ही मिळकत मोठी आहे.

खरा संघर्ष पेटला तो ब्लू लाइनवरून. हा मार्ग पूर्वेच्या कंबरलंडपासून वॉशिंग्टन स्ट्रीटने शहराच्या मध्यातून पश्चिमेला विमानतळापर्यंत, सुमारे 38 किलोमीटरचा आहे, आणि तो गर्दीच्या 8 क्रमांकाच्या बसच्या वाटेनेच जातो. 2022 मध्ये खर्चाचा अंदाज 50 कोटी डॉलरच्या वर गेल्याने आराखड्याचा फेरविचार करावा लागला. त्या खर्चाचा मोठा भाग बसवर नव्हे, तर पावसाच्या पाण्याचा निचरा, पदपथ आणि रस्त्याची दुरुस्ती यांवर होणार होता, हे मात्र विरोधकांच्या भाषणांत फारसे येत नसे. मग राज्य विधिमंडळाच्या 2024 च्या अधिवेशनात शहराच्याच आग्नेय भागातून निवडून आलेले रिपब्लिकन सिनेटर आरन फ्रीमन यांनी बससाठी राखीव मार्गिका करण्यास तात्पुरती बंदी घालणारे विधेयक मांडले. मोटारींच्या मार्गिका कमी झाल्या तर वाहने आजूबाजूच्या निवासी गल्ल्यांत शिरतील, असे त्यांचे म्हणणे होते. विधेयक सिनेटमध्ये मंजूर झाले. काम लांबले तर अपेक्षित संघीय अनुदानच धोक्यात येईल, अशी इंडिगोला भीती होती. अखेर तडजोड झाली: वॉशिंग्टन स्ट्रीटच्या बहुतांश भागात दोन्ही दिशांना मोटारींसाठी दोन-दोन मार्गिका ठेवण्याचे इंडिगोने मान्य केले आणि विधेयक पुढे नेले गेले नाही. 2025 मध्ये बांधकाम सुरू झाले.

ही तडजोड मला मान्य करावी लागते, पटत मात्र नाही. राखीव मार्गिका जिथे तुटते तिथे बस पुन्हा मोटारींच्या रांगेत येऊन अडकते, आणि एका ठिकाणी झालेला उशीर पुढच्या प्रत्येक थांब्यावर पोचतो. पुण्याच्या वाचकांना हे सांगायला नको. 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर सुरू झालेली बीआरटी, म्हणजे तिथली जलद बस, आणि नंतर नगर रस्त्यावरची उखडलेली मार्गिका त्यांनी पाहिली आहे. त्याहून खटकते ते हे की मॅरियन काउंटीतल्या मतदारांनी स्वतःच्या खिशातून कर देऊन जी योजना मान्य केली, तिचा रस्ता कसा आखावा हे राज्यभरातून आलेल्या आमदारांनी सौदा करून ठरवले.

आमच्या कार्मेलचा प्रश्न याच्या उलट आहे. रेड लाइनच्या मूळ कल्पनेत ती उत्तरेकडे, कार्मेल ज्यात येते त्या हॅमिल्टन काउंटीतून, वेस्टफील्डपर्यंत जाणार होती. हॅमिल्टन काउंटीने मॅरियनसारखा कौल घेतलाच नाही, त्यामुळे बस ब्रॉड रिपलमध्ये 66व्या रस्त्याशी थांबते. इथे आपल्या मुलांकडे सहा महिने राहायला येणारे आईवडील गाडी चालवत नाहीत आणि म्हणून दिवसभर घरात बसून असतात, हे आमच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्यांना इथे मताचा अधिकार मिळाला आहे, त्या मराठी मंडळींनी काउंटीच्या निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या उमेदवारांना हा कौल कधी घेणार, असे थेट विचारावे अशी माझी विनंती आहे. मी यंदा विचारणार आहे.