पाठ टेकली म्हणजे हरला, हे खरं की खोटं?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत मी गणिताच्या शिकवण्या घेतो. दर वर्षी एखादं पोरगं विचारतंच, "१ मूळ संख्या न्हाई, हे कुणी ठरवलं वं सर? आन् ठरवणाराच चुकला असला तर?" आता तुम्ही तेच जरा शुद्ध भाषेत विचारलंत : गणितातली व्याख्या खरी किंवा खोटी असते का?

नसते. मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की चितपट, हा नियम. तो खरा की खोटा, असं खासबागेच्या कुस्ती मैदानात कुणी विचारत नाही. अमक्याची पाठ टेकली का, हे मात्र खरं किंवा खोटं असतं, आणि त्यावरून गंगावेशीत दुधाचा ग्लास हातात धरून तासभर वाद चालतो. व्याख्या नियमाच्या जागी, प्रमेय, म्हणजे सिद्ध केलेलं विधान, निकालाच्या जागी.

त्या १ चंच बघा. मूळ संख्या म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंही भाग न जाणारी; त्यात १ धरायचा की नाही, एवढाच प्रश्न. गोल्डबाख या गणितज्ञानं १७४२ मध्ये ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात १ ला मूळ संख्यांत धरलं होतं. अमेरिकेच्या डेरिक लेमरनं १९१४ साली मूळ संख्यांचं कोष्टक छापलं, एक कोटीच्याही पुढं जाणारं. तेही १ पासूनच सुरू होतं. ही माणसं चुकली नव्हती, त्यांचा नियम निराळा होता. पुढं १ बाहेर गेला तो सोयीपायी. १२ चे मूळ अवयव पाडले तर २ × २ × ३, क्रम सोडला तर दुसरी रीत नाही. १ आत घेतला की १ × २ × २ × ३, १ × १ × २ × २ × ३, कितीही लांबवा. मग "मूळ अवयव एकाच रीतीनं पडतात" या सुरेख प्रमेयाला दर वेळी "१ सोडून" असं शेपूट लावत बसायचं.

इथवर पोरांना पटतं. पण "नसते" हा शब्द मला थोडा मागं घ्यावा लागतो, तो एका पोरीमुळं. ती म्हणाली, "मग मी बेरजेची माझी व्याख्या करते. अंशात अंश मिळवायचा, छेदात छेद." कर म्हटलं. फळ्यावर तिनं १/२ आणि १/३ घेतले, उत्तर २/५. मी १/२ पुसून २/४ लिहिलं. संख्या तीच, नुसता कपडा बदललेला. आता उत्तर आलं ३/७. ती खडू हातात धरून तशीच उभी राहिली. तिच्या व्याख्येत न बोललेला एक दावा दडला होता : संख्या कशीही लिहा, उत्तर तेच येईल. तो दावा खोटा निघाला, म्हणून संख्यांच्या बेरजेची व्याख्या म्हणून ती उभीच राहिली नाही. "सर्वांत मोठी मूळ संख्या" याचंही तसंच. शब्द अगदी स्पष्ट आहेत, पण अशी संख्याच नाही, हे युक्लिडच्या काळापासून माहीत आहे. व्याख्येनं वस्तूला नाव मिळतं, वस्तू मिळत नाही.

पालकांचा प्रश्न वेगळाच असतो, तो मार्कांचा. एकाच्या मुलानं समांतरभुज चौकोन काढून खाली "हा समलंब चौकोन" असं लिहिलं, आणि मार्क गेला. वडील संध्याकाळी चप्पल न काढताच दारातून, "चुलतभावाच्या पुस्तकात तर चालतं की!" चालतं. काही पुस्तकं समांतर बाजूंची निदान एक जोडी मागतात, तिथं समांतरभुजही समलंबच. आपल्या नववीच्या पुस्तकात "एकच जोडी" आहे, आणि समांतरभुजात तर दोन जोड्या असतात. मला स्वतःला पहिली व्याख्या आवडते. तिच्यात समलंबाबद्दल जे सिद्ध कराल ते समांतरभुजाला फुकटात लागू होतं. पण प्रश्नात "पाठ्यपुस्तकातील व्याख्येनुसार" असं छापलं होतं, आणि पुस्तकात काय लिहिलंय हे खरं-खोटं करता येतं. पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, आणि मग चप्पल काढून आत आले.