मॅजिक प्रॉपर्टी आणि क्लासच्या डोक्यावरची कमेंट

जुना पीएचपी कोड हातात आला की मी आधी __गेट (क्लासमध्ये न लिहिलेली प्रॉपर्टी कुणी वाचायला गेलं की पीएचपी आपोआप चालवतं ते मॅजिक फंक्शन) कुठे लिहिलंय ते शोधतो, कारण ते सापडलं की समजायचं, इथून पुढे एडिटर हात वर करणार. परवाचा इन्व्हॉइसचा क्लास तसाच निघाला. आत नुसता एक प्रायव्हेट ॲरे, आणि __गेटमध्ये एकच ओळ, ॲरेत असेल तर दे नाहीतर नल, म्हणजे 'काहीच नाही'. बाहेर सगळीकडे $इन्व्हॉइस->ड्यूडेट बिनधास्त वापरलेलं आणि एका ठिकाणी कुणीतरी डेटच्या जागी डेड टाइप केलेलं. एरर नाही, वॉर्निंग नाही, गुपचूप नल, आणि मी दोन तास डेटाबेस उकरत बसलो.

उपाय तसा साधा, क्लासच्या वर डॉकब्लॉकमध्ये, म्हणजे एडिटर आणि टूल वाचतात त्या कमेंटमध्ये, प्रत्येक प्रॉपर्टीची एक ओळ लिहायची, @प्रॉपर्टी, मग टाइप आणि नाव. मग ऑटोकम्प्लीट येतं आणि पीएचपीस्टॅनला (कोड न चालवता चुका शोधणारं टूल) असलं चुकीचं स्पेलिंग लगेच दिसतं. फक्त सगळीकडे @प्रॉपर्टी ठोकू नका राव, जी बाहेरून बदलायची नाही तिला @प्रॉपर्टी-रीड द्या, म्हणजे कुणी तिच्यात काही भरायला गेलं की टूल ओरडतं. आणि कॉलम रिकामा असू शकत असेल तर टाइपमध्ये नल लिहायचा आळस नको.

पण ही शेवटी कमेंट आहे, चालू कोडला तिचं काही देणंघेणं नसतं. डॉकब्लॉकमध्ये इंट दिसला म्हणून मी एकदा === ० अशी, टाइपसुद्धा जुळायला लागणारी, तुलना केली, आणि डेटाबेसमधून येत होती '०' ही स्ट्रिंग (पीएचपी ८.१ च्या आधी पीडीओ, म्हणजे पीएचपीचं डेटाबेसशी बोलणारं एक्स्टेन्शन, मायएसक्यूएलच्या डिफॉल्ट सेटिंगमध्ये आकडेसुद्धा स्ट्रिंग म्हणूनच द्यायचं). कमेंट खोटी, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवणारा शहाणा.

दुसरा घोळ __इससेटचा, म्हणजे प्रॉपर्टी भरलेली आहे का ते सांगणाऱ्या मॅजिक फंक्शनचा. ते लिहिलंच नसेल तर $इन्व्हॉइस->नोट ?? 'काही नाही' मध्ये नोट भरलेली असली तरी कायम 'काही नाही' येतं, कारण ?? (डावीकडे काही नसेल तर उजवीकडचं देणारं चिन्ह) आधी __इससेटला विचारतो, __गेटपर्यंत जातच नाही. डॉकब्लॉक कितीही सुंदर लिहा, हे त्यात दिसत नाही.

पीएचपी ८.२ मध्ये, म्हणजे २०२२ ला, डायनॅमिक प्रॉपर्टी (क्लासमध्ये न लिहिता ऐनवेळी तयार केलेल्या) डेप्रिकेट झाल्या, म्हणजे त्या वापरू नका अशी नोटीस यायला लागली, तेव्हा काहींना वाटलं @प्रॉपर्टी लिहिलं की ती नोटीस जाईल. नाही जात, कमेंट म्हणजे डिक्लेरेशन नव्हे. नवीन कोड असेल तर ८.४ चे प्रॉपर्टी हुक्स (वाचताना-भरताना चालणारा कोड थेट प्रॉपर्टीलाच जोडायची सोय) वापरा, तिथे खरी प्रॉपर्टी असते, वेगळी ओळ लिहायची भानगडच नाही.

त्या इन्व्हॉइसच्या क्लासवर आता अकरा ओळी आहेत, आणि __गेटमधला तो नल काढून तिथे एक्सेप्शन टाकलंय. पहिल्याच दिवशी अजून तीन चुकीची नावं सापडली, त्यातलं एक माझंच होतं.