पाकीट

रविवार, रात्री साडेअकरा

सगळे झोपलेत. ओट्यावर उद्याचे डबे उपडे घातलेत, वाटाणे भिजत पडलेत. खरं तर झोपायला हवं. पाचला पाणी येतं आणि आपण उठेपर्यंत थांबत नाही. पण ते पाकीट डोक्यातून जात नाहीये.

झालं एवढंच. चर्चमधली उपासना संपली. खजिनदारकाका दाराशी टेबल टाकून नवीन वर्षाची दशांशाची, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला द्यायची, पाकिटं वाटत होते. खाकी पाकीट, त्यावर बारा महिन्यांचे बारा चौकोन, वर नाव. नवऱ्याला दिलं. सासूबाईंना दिलं, त्यांची पेन्शन आहे. माझा हात पुढे झालेलाच होता. काका यादीवरून बोट फिरवत म्हणाले, "तुमचं वेगळं कशाला? साहेबांच्यात आलंच की." आणि मी हसून म्हटलं, "हो हो, आलंच."

काकांचा राग नाही. त्या "हो हो"चा येतोय. एकदा म्हटलं असतं तरी चाललं असतं. दोनदा कशाला?

येताना मेगाब्लॉक. भांडुपपर्यंत उभी, धाकटा खांद्यावर झोपलेला, त्याची लाळ ब्लाउजवर. समोर सासूबाईंनी पाकीट बायबलच्या चेनच्या कव्हरात नीट सरकवलं. मी बघत होते. ३८ वर्षांची बाई खाकी पाकिटावरून रुसली होती. घरी येऊन भात लागला खाली. कुणी काही बोललं नाही. तेही लागलंच.

नऊ वर्षं माझं पाकीट होतं. पगार झाला की पहिल्या रविवारी चौकोनात मीच आकडा लिहायचे. थोरलीच्या वेळी रजा घेतली आणि परत गेले. धाकट्याच्या वेळी गेले नाही. ते दोन महिने आज उकरायचे नाहीत. आई असती तर... जाऊ दे. पण मघापासून एक गोष्ट टोचतेय. त्या नऊ वर्षांत मागच्या बाकावरच्या बायकांना पाकीट मिळतं का, हे मी एकदा तरी वळून बघितलं होतं? नाही. मला वाटायचं, सगळ्यांनाच मिळतं.

मग म्हटलं, माझा दशांश निघतो तरी किती, बघू. २४ तासांचा दहावा भाग २ तास २४ मिनिटं. थोरलीला शाळेत सोडणं, आणणं, धाकट्याला बालवाडीत सोडणं, आणणं, यातच तेवढे जातात. म्हणजे माझा दशांश रोज रस्त्यावर, रिक्षांच्या मधून चालत भरला जातो. सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात वाचलं होतं, की घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, आणि ते काम करणाऱ्या पुरुषांचे ९७. (आमच्याकडचे ९७ कोण करतो, शोधावं लागेल.) २९९चा दशांश २९ मिनिटं ५४ सेकंद. कुठल्या चौकोनात लिहू?

नियम काय आहे ते तरी बघावं म्हणून बायबलमधलं लेवीय हे पुस्तक उघडलं. अध्याय २७च्या शेवटी दशांश आहे, भूमीच्या उपजाचा, गुराढोरांचा. पण तिथवर पोचण्याआधीच त्या अध्यायात माणसांचं मोल ठरवलेलं सापडलं, नवसासाठी. विसापासून साठीपर्यंतचा पुरुष ५० शेकेल (तेव्हाचं चांदीचं माप), बाई ३०. वाचून आणखीच रडू येणार होतं. तेवढ्यात आणखी पुढची एक ओळ दिसली. साठीच्या पुढे पुरुष १५, बाई १०. म्हणजे पेन्शनवाल्या सासूबाई १० शेकेल आणि मी ३०! उशीत तोंड घालून हसले. नवरा कूस बदलून म्हणाला, "काय झालं?" त्याला काय सांगणार.

हसून झालं, पण ते काही गेलं नाही. म्हणून इथे स्वयंपाकघरात येऊन लिहीत बसलेय.

मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे जवळ होती ती दोनच बारीक नाणी, टाकणाऱ्या बायबलमधल्या विधवेची गोष्ट लहानपणापासून ऐकतेय. द्यावं कसं, याचा तो धडा. संडे स्कूलमध्ये मीच शिकवलाय, पुठ्ठ्याची नाणी कापून. आज वेगळंच दिसलं. येशू भांडारासमोर बसून बघत होता. नुसता बसून. त्यानं शिष्यांना बोलावून तिच्याबद्दल सांगितलं, पण तिला सांगितल्याचं कुठे लिहिलेलं नाही. ती टाकून निघून गेली. आपल्याला कुणी पाहिलं हे तिला कळलंच नसेल. घरी जाऊन चूल पेटवली असेल, पेटवण्यासारखं काही उरलं असेल तर. मला मात्र लगेच यादीत नाव हवंय.

आणि तरीही तिच्याकडे दोन टोल्या होत्या हो! स्वतःच्या. माझ्या टोल्याही साहेबांच्यातच आल्या.

मग आजी आठवली, नगरची. ती पीठ काढायच्या आधी बाजरीची एक मूठ मडक्यात टाकायची. रोज. रविवारी ते धान्य पदराखालून चर्चमध्ये. आजोबांना विचारायची नाही, सांगायचीही नाही. मिझोराममधल्या ख्रिस्ती मंडळ्यांत बायका अजून प्रत्येक स्वयंपाकाला मूठभर तांदूळ असेच बाजूला काढतात, आणि त्या मुठींवर तिथली मोठमोठी कामं चालतात. आजीला मिझोराम कुठे आहे हेही माहीत नव्हतं. पाकीट तर तिनं उभ्या जन्मात पाहिलं नसेल. पण तांदूळ असो की बाजरी, शिजवायच्या आधी किती काढायची हे तिचं ती ठरवायची. पगार आजोबांचा, मूठ तिची.

तर बोर्नव्हिटाचा रिकामा डबा धुवून पुसून घेतला आणि कोलमची एक मूठ त्यात टाकली. पहिली मूठ जरा लहानच घेतली, खोटं कशाला बोला. महिन्यानं हा डबा घेऊन काकांच्या टेबलापुढे उभी राहिले तर ते पावती कशी फाडतील, हा विचार करून बरं वाटतंय. हे बरं वाटणं ख्रिस्ती आहे की नाही, कुणास ठाऊक.

एवढ्यात सासूबाई पाणी प्यायला आल्या. डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तांदूळ भिजवतेस? इडलीला?"

"हो," म्हटलं. एकदाच.

"मग एवढेसे काय? वाढव की."

आता उडीद डाळ काढायला हवी.