एकाच चक्क्यातून डिप आणि ड्रेसिंग: जळगावच्या स्वयंपाकघरातल्या नोंदी

रँचचं, म्हणजे लसूण-शेपूच्या त्या दाट, आंबटसर अमेरिकन ड्रेसिंगचं काम आता बऱ्यापैकी मार्गी लागलंय, म्हणून आतापर्यंतच्या नोंदी एकत्र लिहून काढते. घट्ट असताना गाजर-काकडीला, वेफर्सना लावून खाता यावं आणि तेच सैल करून सॅलडवर ओतता यावं, असं एकच मिश्रण मला हवं होतं. तेही इथल्या भाजीबाजारात आणि दूधवाल्याकडे जे मिळतं त्यातूनच. कळीची गोष्ट आधीच सांगून टाकते: चव लसूण आणि शेपू देतात, पण डिप होणार की ड्रेसिंग हे पाणी ठरवतं. चक्क्यातलं, ताकातलं, पातीतलं आणि काकडीतलं पाणी. या चारही ठिकाणी लक्ष ठेवलं की बाकीचं हाताला बसतं.

ज्यांनी रँच अजून केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं मूळ. स्टीव्ह हेन्सन नावाचा गृहस्थ अलास्कात प्लंबिंगची कंत्राटं घ्यायचा, तिथेच तो हे ड्रेसिंग करू लागला. पुढे १९५४ मध्ये त्याने आणि त्याच्या बायकोने कॅलिफोर्नियात सँटा बार्बराजवळच्या डोंगरात ‘हिडन व्हॅली रँच’ नावाचं पाहुण्यांसाठीचं ठिकाण सुरू केलं. जेवणात हे ड्रेसिंग असायचं आणि पाहुणे घरी न्यायला मागायचे. मग कोरड्या मसाल्याची पाकिटं टपालाने जाऊ लागली. घेणाऱ्याने घरी बटरमिल्क आणि मेयोनीज घालून कालवायचं. १९७२ मध्ये क्लोरॉक्स कंपनीने हा ब्रँड ८० लाख डॉलरला घेतला. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पाकीट. मसाला एकच, पण तो कशात आणि किती पातळ कालवायचा हे घरच्या माणसाच्या हातात. ड्रेसिंगचं डिप होणं हे त्या पाकिटातच ठरलेलं होतं.

आता बटरमिल्क. आपण त्याला सरळ ताक समजतो आणि तिथेच इथल्या रँचचं पाणी होतं. अमेरिकेतलं दुकानातलं बटरमिल्क म्हणजे कमी स्निग्धांशाच्या दुधाला विरजण लावून केलेलं दाट, ओघळणारं आंबट दूध. आपलं ताक म्हणजे दही घुसळून, वर पाणी घालून, लोणी काढून उरलेलं. त्यामुळे जिथे कृतीत बटरमिल्क लिहिलंय तिथे मी आदल्या दिवशीचं दही घेते, रवीने नुसतं मोडते आणि चार चमचे दह्याला जेमतेम एक चमचा थंड पाणी घालते. चमच्याच्या पाठीला चिकटून राहील इतकं दाट. खाली जिथे ‘ताक’ म्हणेन तिथे हेच.

हिवाळा: चक्का आणि मेयोनीज

दही म्हशीच्या दुधाचं. स्निग्धांश जास्त असल्यामुळे चक्का मऊ आणि भरीव होतो. गाईच्या दुधाचा चक्का चवीला छान, पण डिपला लागतो तो गुळगुळीतपणा त्यात कमी येतो. विरजण गोड हवं. फडकं बांधून दही टांगायचं ते श्रीखंडाला टांगतो तसंच, पण वेळ वेगळी. श्रीखंडाइतका कोरडा चक्का इथे नको, कारण मेयोनीजबरोबर तो कणीदार होतो. फडक्यातून थेंब पडायचे थांबले नाहीत पण सावकाश झाले, की काढायचा. थंडीत हे पाच-सहा तासांत होतं. निवळी टाकू नका, तिचं काम पुढे आहे.

नुसत्या चक्क्याचं डिप चांगलंच लागतं, पण ते दह्याचं डिप होतं, रँच होत नाही. तोंडात रेंगाळणारा जो लोण्यासारखा भाग असतो तो तेलाचा. आमच्या घरात अंडं चालत नाही, आणि जळगावच्या उन्हाळ्यात कच्च्या अंड्याचं मेयोनीज मी तसंही करणार नाही. म्हणून दुधाचं मेयोनीज. तापवून गार केलेलं म्हशीचं दूध फ्रिजमधून काढून, साय बाजूला करून १०० मिली घ्यायचं. उभट भांड्यात ते दूध, अर्धा चमचा मोहरीची पूड, चिमूट मीठ आणि २०० मिली तेल. हँड ब्लेंडर तळाशी टेकवून सुरू करायचा आणि पांढरा ढग वर चढायला लागला की हळूहळू उचलायचा. दुधातली प्रथिनं, मुख्यतः केसीन, तेलाच्या बारीक थेंबांभोवती बसतात आणि ते थेंब पुन्हा एकत्र येत नाहीत. मग एक चमचा लिंबाचा रस घालून पुन्हा फिरवायचं. आम्लाने केसीन एकमेकांना धरतं आणि बघता बघता मिश्रण चमच्यावर उभं राहतं. हा क्षण मला दर वेळी तितकाच आवडतो. हँड ब्लेंडर नसेल तर मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात, झाकणाच्या भोकातून तेलाची बारीक धार सोडत करा. वेळ लागतो, पण होतं.

तेलाबद्दल माझं मत पक्कं झालंय. आपल्याकडे घाण्याचं शेंगदाणा तेल सगळ्यात जवळचं, आणि भाजी-फोडणीला त्याला तोड नाही. पण मेयोनीजमध्ये ते एकटं वापरलं तर शेपूचा वास पार झाकला जातो. रिफाइंड सूर्यफूल तेल तीन भाग आणि घाण्याचं एक भाग, एवढंच मला रुचतं. भरताच्या डिपला मात्र नुसतं घाण्याचंच घेते. त्याबद्दल पुढे.

फेब्रुवारी: लसूण, शेपू, पात

अख्ख्या पाकळीत झणका नसतो. ठेचली की तिच्यातलं एक विकर (एन्झाइम) दुसऱ्या घटकाला भिडतं आणि तो झणझणीत पदार्थ तयार होतो. लिंबाचा रस आधीच असेल तर ते विकर मंदावतं. म्हणून एकाच लसणाच्या दोन चवी काढता येतात: मिठाबरोबर खलात ठेचला तर झणका, लिंबाच्या रसात किसला तर नुसता वास. मी दोन पाकळ्या लिंबात किसते आणि एक मिठाबरोबर ठेचते. खानदेशात लसणाला घाबरणारं कोणी सापडायचं नाही, पण हे मिश्रण फ्रिजमध्ये राहिलं की लसूण चढत जातो. दुसऱ्या दिवशी खायचं असेल तर ठेचलेली पाकळी वगळा.

शेपू हा रँचचा आत्मा आहे आणि आपण तो मूगडाळीबरोबर परतून खातो, कच्चा कधीच नाही. कच्च्या शेपूचा वास उग्र म्हणून घरात कुरकुर होते, तर त्यावर उपाय: फक्त वरच्या कोवळ्या, केसांसारख्या शेंड्या घ्या, देठ भाजीला ठेवा. सुरीला धार हवी. बोथट सुरीने शेपू चिरडला जातो, हिरवं पाणी सुटतं आणि डिपला रंग चढतो. कांद्याच्या पातीचंही तेच. पातीचा हिरवा भाग बारीक चिरून कोरड्या फडक्यावर पसरून ठेवायचा, पांढरा भाग वगळायचा. कोथिंबीर अगदी थोडी. जास्त झाली की डिपची चटणी होते.

सध्याचं प्रमाण असं: चक्का २०० ग्रॅम, दुधाचं मेयोनीज १०० ग्रॅम, लसूण ३ पाकळ्या, लिंबाचा रस २ छोटे चमचे, चिरलेला शेपू २ मोठे चमचे, पात २ मोठे चमचे, मिरपूड अर्धा छोटा चमचा, मीठ पाऊण छोटा चमचा. चक्का आधी एकटा फेटायचा, मग मेयोनीज हाताने मिसळायचं. इथे मिक्सर नको, चक्का पातळ होतो. झाकून तासभर फ्रिजमध्ये. हा तास टाळू नका. मीठ सगळीकडे पोचतं, पाल्याचा वास दह्यात उतरतो, आणि कालवल्या कालवल्या नुसतं आंबट लागणारं मिश्रण गोल लागायला लागतं.

हे झालं डिप. याच्या १०० ग्रॅमला ४० ते ५० मिली ताक घातलं की ड्रेसिंग. ताक एकदम ओतायचं नाही, एकेक चमचा. आणि ड्रेसिंग नेहमी डिपपेक्षा किंचित खारट, किंचित आंबट ठेवायचं. कोबी-काकडीवर पसरल्यावर चव उतरतेच. जपून ठेवलेली निवळी इथे कामाला येते: आंबटपणा कमी वाटला तर लिंबाऐवजी चमचाभर निवळी. लिंबाची चव दह्यापासून वेगळी पडते, निवळीची पडत नाही.

काकडी-मुळ्याचं सॅलड असेल तर काप मीठ लावून दहा मिनिटं चाळणीत निथळत ठेवा, नाहीतर ताटात तळाशी पाणी साचतं आणि ड्रेसिंग कितीही जमलेलं असो, वाहून जातं. कोबीला याची गरज नाही. लांब चिरलेला कोबी, गाजर, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि वरून हे ड्रेसिंग, हे माझं सगळ्यात आवडतं सॅलड.

भरताचं डिप

हे करायचंच होतं. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि हिवाळाभर शेतांत भरीत-पार्ट्या चालू असतात. हिरवी, लांबट, मोठाली वांगी, गर पांढरा, बिया कमी. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजली की गराला जो धुराचा वास लागतो तो गॅसवर येत नाही. शेतातून परतताना जास्तीची दोन वांगी भाजून आणली आणि त्यांच्यावर काम केलं.

गर आधी चाळणीत निथळत ठेवायचा. पुन्हा पाणीच. चांगलं तासभर, अधूनमधून हलवत. मग लाकडी भांड्यात ठेचायचा. मिक्सरमध्ये फिरवलेल्या गराचा लगदा होतो आणि भरताचा पोत जातो. ठेचतानाच भाजलेली हिरवी मिरची आणि लसूण, जसं भरताला घेतो तसं. आता गराच्या निम्मं, वर दिलेलं चक्का-मेयोनीजचं डिप मिसळायचं. समसमान घेतलं तर वांगं हरवतं. या प्रकारात मेयोनीज पूर्ण घाण्याच्या शेंगदाणा तेलाचं करा. शेपू काढून टाका, पात दुप्पट करा. वरून भाजलेल्या शेंगदाण्यांचं भरड कूट.

आमचे आबा, म्हणजे सासरे, मूळचे अमळनेरकडचे. त्यांनी वाटीकडे बघून विचारलं, “हाई काय शे माय?” मी म्हटलं, “भरीतच आहे आबा, दह्यातलं.” कळण्याच्या पुरीबरोबर वाटी संपवली आणि पुढच्या वेळी मिरची वाढवायला सांगितली. वाढवली. त्यांचं बरोबर होतं: थंड दही तिखट दाबून टाकतं, त्यामुळे भरतापेक्षा दीडपट मिरची लागते.

लावून काय खायचं, यावर एक शब्द. तळलेले ज्वारीचे बिबडे या डिपसाठीच जन्मले असावेत. पातळ असूनही मोडत नाहीत आणि स्वतःचा जिऱ्या-तिळाचा स्वाद आणतात. नागलीचे पापड भाजून तुकडे केले तरी छान. केळ्याचे वेफर्स इथे घरोघरी, पण ते आधीच खारट, तेव्हा त्यांच्यासाठीच्या वाटीत मीठ निम्मं.

एप्रिल-मे: ऊन

पारा ४४-४५ वर गेला की चक्क्याची पद्धत बदलावी लागते. दह्याच्या जिवाणूंना साधारण ४० ते ४५ अंशांचं तापमान मानवतं, म्हणजे आमचं मे महिन्यातलं स्वयंपाकघर त्यांना अगदी सोयीचं. बाहेर टांगलेलं दही निथळता निथळताच आंबट होतं. आता चाळणीत फडकं घालून, खाली पातेलं ठेवून, सगळं फ्रिजमध्ये रात्रभर. निथळणं सावकाश होतं पण चक्का गोड राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे वाटी जेवणाच्या टेबलावर तासभरापेक्षा जास्त ठेवायची नाही. कच्चा लसूण आणि दूध एकत्र आहे. लहान वाटीत थोडं काढायचं, बाकीचं फ्रिजमध्ये, आणि सगळं तीन दिवसांत संपवायचं. ताक घातलेलं ड्रेसिंग तर त्याच दिवशी.

उन्हाळ्यात कोवळा शेपू मिळेनासा होतो. सावलीत वाळवलेला वापरून बघितला. वास बराच उतरतो, पण दुप्पट घेऊन, चमचाभर ताकात अर्धा तास भिजवून घातला तर चालून जातो. त्याच्या जोडीला बडीशेप भरडून पाव चमचा घातली तर गोडसर बाजू भरून निघते, हे मला मनापासून पटलंय.

पुढचं काम दोन दिशांना आहे. लिंबाऐवजी कैरीचा कीस पिळून त्याचा रस वापरतेय; मेयोनीज जमतं, फक्त कैरीगणिक आंबटपणा बदलत असल्यामुळे दर वेळी चाखून घालावा लागतो. आणि दूध न खाणाऱ्या मैत्रिणीसाठी रात्रभर भिजवलेले, सालं काढलेले शेंगदाणे थंड पाण्यात गंधासारखे वाटून त्यावर तेलाची धार सोडतेय. शेंगदाण्यातली प्रथिनंही तेल धरून ठेवतात, पोत सुंदर येतो, पण कच्च्या दाण्याचा वास राहतो. दाणे वाटण्याआधी पाच मिनिटं उकळून बघणार आहे. कोणी हा वास घालवला असेल तर कसा ते जरूर सांगा, आणि शेपू गोठवून ठेवत असाल तर तोही अनुभव लिहा. पुढच्या थंडीच्या शेवटी मला भरपूर साठवायचाय.