सुटा मोजा

दुपारी साडेतीनला चहाचा कप घेऊन बाहेर येत होते, तर फरशीवर लाल ठिपके. कोकम सरबत सांडलं असणार, असंच वाटलं. मे महिन्यात आमच्या घरातल्या बहुतेक डागांचं उत्तर कोकम सरबत हेच असतं. पण हे ठिपके फारच शिस्तीत होते. ओट्यापासून बाल्कनीच्या दारापर्यंत, सारख्या अंतरावर, कुणी रांगोळीला सुरुवात करून उठून गेल्यासारखे.

ठिपक्यांच्या टोकाला खापऱ्या बसला होता. पुढचा उजवा पाय तोंडात, डोळे अर्धे मिटलेले, आणि चपाक चपाक चाटणं चाललेलं.

खापऱ्या आमचा कुत्रा. चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात वर्तकनगरच्या नाक्यावर एका हातगाडीखाली सापडला. रंग भाजलेल्या खापरासारखा, म्हणून हे नाव. जात गावठी, स्वभाव सरकारी. एरवी हाक मारली तर तिसऱ्या हाकेला कान हलवतो. पण चेंडू दिसला की संपलंच.

त्या दिवशी सकाळी डोंबिवलीहून भाचे आले होते. सोसायटीच्या आवारात खेळ सुरू झाला. आवार म्हणजे पेव्हर ब्लॉक. ठाण्यात तळी मोजायला बोटं पुरत नाहीत, पण कुत्र्याला धावायला मोकळी माती म्हणाल तर उपवनच्या पलीकडे येऊरच्या पायथ्याकडे जायला हवं. पेव्हर ब्लॉकवर चेंडू झकास उसळतो. तासाभरात मुलं दमली आणि चेंडू माझ्या हातात आला. मी दमले नव्हते, कारण मी जागची हललेच नव्हते. मी फेकायचा, त्याने आणायचा. अकरा वाजून गेले तरी तो आणत होता, म्हणून मी फेकत होते. घरी सगळ्यांना मी, "वेडा आहे तो, थांबतच नाही," असं सांगितलं आणि खापर खापऱ्यावर फोडून मोकळी झाले.

पाय उलटा करून बघितला. कुत्र्याच्या पंजाला खाली चार छोट्या गाद्या आणि मध्ये बदामासारखी एक मोठी गादी असते. पुढच्या पायांना थोडी वर मनगटापाशी आणखी एक असते, वेगात वळताना नाहीतर उतारावर ब्रेक लावायला. अंगावरची सगळ्यात जाड कातडी इथलीच, आणि तिच्या आत चरबीची उशी. एरवी या गाद्यांना ताज्या लाह्यांसारखा वास येतो. ज्यांच्या घरी कुत्रा आहे ते हे चारचौघांत कबूल करत नाहीत, पण हुंगतात सगळेच. आता तिथे लाह्या नव्हत्या. दोन गाद्यांवरची काळी साल कानशीने घासावी तशी गेली होती आणि आतली गुलाबी कातडी दिसत होती. मोठ्या गादीवर एक पापुद्रा लोंबत होता. मी फुंकर घातली. त्याने पाय ओढून घेतला नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. चावला असता तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरांच्या स्टीलच्या टेबलावर त्याच्या पावलांचे ओले ठसे उमटले. कुत्र्याला घाम येतो तो तळव्यांना, आणि घाबरला की जास्तच. मला मुलाखतीच्या आधी येतो तसाच. डॉक्टर फार बोलले नाहीत. कोमट पाण्याने धुवा, बोटांमधली खडी बघून काढा, टिपून कोरडं करा. आयोडिनचं औषध पाण्यात घालून कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करा, मग लावा. वर गॉज आणि सैलसर पट्टी, रोज बदलायची. लोंबता पापुद्रा त्यांनीच कापला. घरी ओढत बसू नका म्हणाले. मी पर्समधल्या दुखण्याच्या गोळीबद्दल विचारलं, तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. माणसांची पॅरासिटामॉल नाही, आयब्युप्रोफेन नाही, काहीच नाही. कुत्र्यांना त्याची विषबाधा होते. आठदहा दिवस खेळ बंद, फक्त शी-शू पुरतं खाली न्यायचं. ही जखम लवकर भरत नाही, कारण प्रत्येक पावलाला अंगाचा भार पडतो आणि कडा पुन्हा फाकतात.

"आणि पट्टीवरून घरात एखादा मोजा घाला. जुना, सुटा असेल तर."

सुटा असेल तर! डॉक्टर कुणाला विचारत होते!

माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात एक कापडी पिशवी आहे. तिच्यात सतरा सुटे मोजे आहेत. जोडीतला दुसरा कधीतरी सापडेल, या भरवशावर मी ते जपते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्यात फक्त एक सापडला, रजईच्या खोळीत. नवरा या पिशवीला वधूवर सूचक मंडळ म्हणतो. म्हणू दे. पांढरा, मरून पट्टीचा, लेकाच्या तिसरीतल्या गणवेशाचा मोजा खापऱ्याला बेतून शिवल्यासारखा बसला. तो घालून चालताना प्रत्येक पावलाला पाय असा वर झटकायचा, की सोवळ्यातल्या माणसाने चिखल ओलांडावा.

रात्री पट्टी बांधताना आजी आठवली. नौपाड्यातली आमची चाळ, तिची कोबा केलेली गच्ची, आणि मे महिन्यातली लंगडी. लंगडी अनवाणीच खेळायची, चपला घातल्या तर तो भित्रेपणा. मी नऊ वर्षांची असेन. एका दुपारी गच्ची इतकी तापली होती की टाक्यांच्या सावलीत पाय गार करून पुन्हा पळत होतो, पण डाव सोडायचा कुणी? संध्याकाळी दोन्ही तळव्यांना हे एवढे फोड. सांगितलं तर उद्यापासून गच्ची बंद, म्हणून मी गप्प. टाचांवर चालत जेवायला बसले. आजीने पाटाकडे येतानाच ओळखलं.

"खंय होतंस गो? पाय दाखय बघया."

ती मालवणकडची. तिच्या फडताळात कागदात गुंडाळलेला भिरंडेलाचा गोळा असायचा, कोकमाच्या बियांचं तेल थिजवून केलेला, मुठीत वळल्यामुळे बोटांच्या खुणा तशाच राहिलेल्या. फोडांना तिने ते लावलं नाही. नुसत्या ओल्या फडक्याने तळवे गुंडाळले आणि मांडीवर घेऊन बसली. ओरडली अजिबात नाही. भिरंडेल नंतर आलं, फोड सुकून कातडी कडक झाल्यावर. पळीत विरघळवायची, बोटाने कोमट झालंय का बघायची, मग लावायची.

असाच एक गोळा माझ्याकडे आहे, दादरला घेतलेला. डॉक्टरांना विचारलं. उघड्या जखमेवर नाही, साल धरली की मग थोडं लावा, चाटलं तरी चिंता नाही, असं म्हणाले. आठव्या दिवशी मी वाटीत तेल घेऊन निघाले आणि खापऱ्या पळाला. हॉल, बेडरूम, पुन्हा हॉल. पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन नामदेव धावले होते म्हणतात. त्यांच्या घरी फरशी नसावी. मी दोनदा घसरले.

आता आम्ही सकाळी साडेसहाच्या आत नाहीतर रात्री नऊनंतर खाली उतरतो. त्याआधी मी वाकून हाताची मागची बाजू पेव्हर ब्लॉकवर टेकवते आणि सात आकडे मोजते. चटका बसला तर परत वर. मॉर्निंग वॉकची मंडळी आधी थांबून बघायची. एका काकूंनी तर मी भूमीला नमस्कार करते असं समजून स्वतःही केला.

आजीच्या टाचांना भेगा होत्या. पावसाळ्यात त्यात चिखल जाऊन काळ्या रेषा दिसायच्या. रात्री सगळ्यांची जेवणं उरकली की ती भिंतीला टेकून बसायची आणि एकेका भेगेत पळीतून गरम तेल सोडायची. चर्र आवाज व्हायचा, की मला तसं वाटायचं कोण जाणे. मी शेजारीच अंथरुणात पडून बघत असे. दुखतंय का, असं काही मी कधी विचारलेलं आठवत नाही.

असो. खापऱ्या बरा आहे. नवी साल आधी फिकी होती, आता काळी पडत चालली आहे. गंमत अशी की तो मरून पट्टीचा मोजा हरवला. शेवटच्या दिवशी खाली जाताना पायातून काढायचा विसरले, वर आलो तेव्हा पायात नव्हता. मी आवार पालथं घातलं, जिन्यात पाहिलं, लिफ्टच्या फटीत डोकावले. शेवटी वॉचमनकाकांना विचारलं.

ते म्हणाले, "मॅडम, जोडीतला दुसरा आणून दाखवा. म्हणजे मला ओळखता येईल."